'शोले'चा तो शेवट नवा नाही. कोणती प्रत दाखवता, ते तरी छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

'शोले'ची दुरुस्त केलेली प्रत डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागली. तेव्हापासून आपल्या अंकात त्याविषयी वरचेवर लिहून येते आहे आणि त्यात 'नव्या शेवटासह', 'शेवट बदलून' असे शब्द असतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ठाकूर गब्बरला स्वतः संपवतो, हाच आधी चित्रित झालेला आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना हवा असलेला शेवट. ऐनवेळी पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात, हा पन्नास वर्षे आपण सर्वांनी पाहिलेला शेवट मागाहून घेतला गेला. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. जूनअखेर आणीबाणी जाहीर झालेली होती. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन माणूस मारलेला दाखवायचा नाही, असे सेन्सॉरने बजावले, तेव्हा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. आज पडद्यावर आले आहे ते जुनेच आहे, फक्त पन्नास वर्षे उशिरा आले आहे.

एवढ्या लहान चुकीसाठी पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचो तेव्हापासून ते रिळे यायची बंद होईपर्यंत माझा उभा जन्म केबिनमध्ये गेला. त्या अनुभवावरून सांगतो, ही चूक आपल्या वार्ताहराची एकट्याची नाही. जुना चित्रपट दाखवताना ही कोणती प्रत आहे, हे आपल्याकडे कोणीही प्रेक्षकाला सांगत नाही. टॉकीजमध्ये लागलेली, सेन्सॉरने कापलेली, वाहिनीने वेळेत बसवलेली, डीव्हीडीसाठी केलेली, या सगळ्या प्रती एकाच नावाने फिरतात. ज्याने जी आधी पाहिली, तोच त्याच्यासाठी चित्रपट होतो.

'शोले'चेच पुढे सांगतो, कारण त्याच्याइतकी नीट नोंद असलेले उदाहरण दुसरे नाही. शेवटाशिवायही त्यातले काही गेले होते. रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंग गेला. सचिन पिळगावकरांनी केलेला अहमद गब्बरच्या तावडीत सापडतो, त्याचे हाल होतात, तेही गेले. टॉकीजच्या प्रतीत गब्बर हातावरची मुंगी मारतो आणि पुढच्याच दृश्यात घोडा अहमदचे प्रेत घेऊन गावात येतो. आमच्याकडे 'शोले' दुसऱ्या वर्षी आला. त्या मुंगीपाशी सगळे थिएटर चिडीचूप व्हायचे, ते मी केबिनच्या झरोक्यातून रोज पाहिले आहे. पुढे कापलेला प्रसंग पाहायला मिळाला, तेव्हा मला मुंगीच जास्त भावली. तेव्हा कापलेले सगळेच परत जोडावे, असा माझा हट्ट नाही. आपण काय पाहतो आहोत, हे माणसाला कळावे, एवढाच आहे.

मूळ शेवटाची प्रत पहिल्यांदा लोकांच्या हाती आली ती १९९० साली, ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर. म्हणजे ज्या देशात चित्रपट घडला, तिथले लोक एक शेवट पाहत होते आणि लंडनच्या दुकानातून कॅसेट आणणारे दुसरा. नंतर डीव्हीडी आल्या त्याही दोन तऱ्हेच्या. एक २०४ मिनिटांची, मूळ शेवट असलेली. दुसरी १९८ मिनिटांची, सेन्सॉरच्या शेवटाची. माझ्या पुतण्याने आखातातून दोन्ही आणल्या. त्या लागोपाठ लावून पाहिल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आले की फरक सहा मिनिटांपुरता नाही. मूळ शेवटाची डीव्हीडी जुन्या टीव्हीसारख्या उभट चौकटीत होती आणि कापलेली डीव्हीडी रुंद चौकटीत.

याचे कारण असे. 'शोले' चित्रित झाला ३५ मिलिमीटरवर. मग इंग्लंडमध्ये तो ७० मिलिमीटरवर मोठा करून घेतला. सत्तरची चौकट रुंदीला उंचीच्या दुपटीहून जास्त असते, म्हणून ३५ च्या चित्राचा वरचा आणि खालचा पट्टा त्यात सोडून द्यावा लागतो. हे दिग्दर्शकाला आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांना आधीपासून ठाऊक होते आणि त्या हिशेबानेच त्यांनी माणसे उभी केली, डोंगर धरले, घोडे पळवले. मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षे लोकांनी जो पाहिला, तो हा रुंद 'शोले'. उभट डीव्हीडीत चित्र वरखाली जास्त दिसते खरे, पण ते दाखवण्यासाठी नव्हतेच. म्हणजे विकत घेणाऱ्यापुढे पेच होता. हवा तो शेवट घ्यावा तर चौकट चुकीची आणि चौकट बरोबर घ्यावी तर शेवट सेन्सॉरचा. वेष्टनावर याविषयी धड एक ओळ नव्हती.

आता जी प्रत लागली आहे, तिच्यात मूळ शेवट आणि मूळ रुंदी दोन्ही एकत्र आली आहेत. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने यासाठी घेतलेले कष्ट वाचकांपर्यंत पोचायला हवेत. मूळ कॅमेरा निगेटिव्ह आंबून खराब झालेली होती. आम्ही डबा उघडला की व्हिनेगरसारखा भपकारा यायचा, तोच हा रोग. ७० मिलिमीटरची एकही प्रिंट उरलेली नव्हती. ब्रिटनमधल्या एका गोदामात पडून असलेल्या, निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधल्या टप्प्यावरच्या प्रती शोधून, त्यांवरून हे काम झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात ते पहिल्यांदा दाखवले गेले. देशातला सर्वांत गाजलेला चित्रपट, आणि त्याची ही गत! मग ज्यांच्यामागे कोणी उभे नाही, अशा मराठी चित्रपटांचे काय झाले असेल, याचा विचार करावा.

आमच्या काळी चित्रपट पेटीतून यायचा. पत्र्याचे डबे, डब्यात रिळे, आणि सोबत सेन्सॉरचे सर्टिफिकेट. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असायची, आधी फुटांत, पुढे मीटरमध्ये. मिनिटाला ९० फूट किंवा सव्वासत्तावीस मीटरच्या वर थोडे, हा हिशेब ऑपरेटरला झोपेतही येतो. सर्टिफिकेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला की समजायचे, या चित्रपटात सेन्सॉरने कापाकापी केलेली आहे. काय कापले, किती कापले, ते दुसऱ्या भागात लिहिलेले असते. सामान्य प्रेक्षकाला पडद्यावर क्षणभर ते सर्टिफिकेट दिसते आणि तो 'अ' की 'यू' एवढे पाहतो. पण त्रिकोण तिथे असतो. आजही असतो. वाचकांनी पुढच्या वेळी पाहावा.

पेटी आली की शो लावण्याआधी प्रत्येक रीळ रिवाइंडिंगच्या टेबलावरून हाताने फिरवून तपासायचे, हा माझा शिरस्ता होता. फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलक्या धरायच्या आणि दुसऱ्या हाताने चक्र फिरवायचे. जोड आला की बोटाला लागतो. सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवाचा, जोड जाड आणि कडक लागतो, टेपचा गुळगुळीत. पुण्या-मुंबईत चालून, मग तालुक्याच्या गावांतून फिरून आमच्यापर्यंत आलेल्या प्रिंटला गाण्यांच्या रिळांत जोडच जोड असायचे. कुठे फिल्म तुटल्याने चार फ्रेम गेलेल्या, तर कुठे शेवटची एसटी गाठायची म्हणून आधीच्या कुठल्या तरी गावात अख्खे कडवे काढून ठेवलेले आणि परत जोडायला विसरलेले. मी प्रत्येक रिळाची लांबी मोजून सर्टिफिकेटशी ताडून वहीत लिहीत असे. वितरकाकडे पेटी परत करताना वाद नको, हे एक कारण. पण खरे सांगायचे तर मला ते जाणून घेतल्याशिवाय राहवत नसे.

त्या धंद्यातली एक खूण वाचकांना सांगून ठेवतो, ती टीव्हीसमोर बसूनही कामाला येते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेली असते, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा भाग खाली. त्यामुळे प्रिंट कात्रीने कापून जोडली असेल तर आधी चित्र उडी मारते आणि पाऊण सेकंदानंतर आवाज. वाहिनीवर जुने गाणे पाहताना अशी मागेपुढे उडी दिसली, तर ती कॉपी कुठल्या तरी थकलेल्या प्रिंटवरून उतरवलेली आहे आणि तो तुकडा कधीच हरवलेला आहे. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम, स्वच्छ तुटले तर मात्र समजावे की हे आत्ताचे काम आहे, संगणकावर बसून कोणी तरी कडवे उडवले. तशीच दुसरी खूण ठिपक्याची. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका दोनदा चमकतो, तो आम्हाला दुसरे मशीन चालू करण्याचा इशारा. चित्रपटभर हे ठिपके साधारण सारख्या अंतराने येत असताना एखादे अंतर एकदम निम्म्यावर आले, तर मध्ये काही गेले, एवढे खुशाल समजावे.

कमी भरलेले प्रत्येक मिनिट म्हणजे कापाकापी नव्हे, हेही सांगायला हवे, नाहीतर वाहिन्यांवर अन्याय होईल. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो आणि आपल्याकडची टीव्हीची पद्धत २५ ची. म्हणून दूरदर्शनवर चित्रपट किंचित वेगाने पळवला जायचा. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटे आधी संपतो आणि एक फ्रेमही गेलेली नसते. मात्र वेगाबरोबर सूरही चढतो. माझे थोरले बंधू बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवायचे. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागला की ते गाण्याबरोबर पेटी धरायचे आणि चिडून भाता सोडून द्यायचे. 'गाणे काळी चारमध्ये आहे, मला ठाऊक आहे, मग हे ना काळी चारला लागतेय ना पांढरी सहाला,' असे म्हणायचे. त्यांचा कान बरोबर होता. पंचवीसच्या वेगाने सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो, त्यामुळे तो पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही. दीदींचा आणि आशाताईंचा आवाज घरोघरी वर्षानुवर्षे असा चढलेला ऐकला गेला. संगणकावर हा चढ आता काढून टाकता येतो. कोणी काढते का, ते मात्र कोणी सांगत नाही.

चौकटीचे दुखणे मला सर्वांत जास्त लागते. १९५९ चा 'कागज के फूल' हा आपला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे फार रुंद चौकटीचा, चित्रपट. त्याला वेगळी लेन्स लावावी लागते, नाहीतर पडद्यावर माणसे लांबुडकी, बारीक दिसतात. व्ही. के. मूर्ती यांनी त्यात रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा उजेडाचा झोत धरला आहे. गुरुदत्त आणि वहिदा रेहमान एकमेकांपासून दूर उभे, मध्ये तो उजेड आणि सगळा अंधार. 'वक्त ने किया' या तिथल्या गाण्याचा अर्थच त्या दोघांमधल्या अंतरात आहे. जुन्या चौकोनी टीव्हीत ते बसवण्यासाठी दोन्ही बाजू कापल्या गेल्या, जवळजवळ निम्मे चित्र गेले. मग कधी हा दिसायचा, कधी ती. दोघांमधले अंतर दिसायचेच नाही. ज्यांनी तो चित्रपट फक्त टीव्हीवर पाहिला, त्यांनी मूर्तींचे काम पाहिले, असे मी म्हणणार नाही.

आता टीव्ही रुंद झाले आणि कात्री दुसऱ्या अंगाने फिरू लागली. साठच्या दशकातला एक कृष्णधवल तमाशापट मागच्या महिन्यात एका वाहिनीवर लागला होता. वाहिनीचे नाव घेत नाही, कारण एकच करते असे नाही. मूळ चित्र उभट. ते रुंद पडदा भरण्यासाठी मोठे केले, म्हणजे वरून आणि खालून मिळून जवळजवळ पाव चित्र कापले. लावणी चालू होती. फडावर बाई नाचते आहे, ढोलकी वाजते आहे, आणि पडद्यावर तिचे पाय नाहीत! गुडघ्याच्या खाली काही नाही. चाळांचा आवाज येतो आणि चाळ दिसत नाहीत. त्या काळच्या दिग्दर्शकांनी लावणी घेताना बाईला डोक्यापासून पावलापर्यंत चौकटीत धरले, कारण समोरचा प्रेक्षक पायाकडेही पाहणारा होता. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, तो त्या कारभारावर. पाय कापलेली लावणी दाखवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडलेले काय वाईट? पण पट्टे दिसले की लोक तक्रार करतात म्हणे. लोकांना पट्ट्यांचे कारण एका ओळीत सांगितले तर कोण तक्रार करील?

रंगवलेल्या चित्रपटांचाही यातच विचार व्हावा. 'मुघल-ए-आझम' २००४ साली पूर्ण रंगीत करून पुन्हा लावला. १९७ मिनिटांचा चित्रपट १७७ मिनिटांवर आला, काही गाणी गेली. वीस मिनिटांचे दुःख आहेच, पण माझे खरे दुःख वेगळे आहे. १९६० च्या मूळ चित्रपटात बहुतेक भाग कृष्णधवल होता आणि शीशमहालाचे गाणे रंगीत. आमच्याकडे तो फिरून लागायचा तेव्हा ते रीळ चढवताना मी स्वतः सावध व्हायचो. तासन्‌तास काळ्यापांढऱ्यात बसलेल्या डोळ्यांसमोर एकदम आरसे उजळायचे आणि बाल्कनीतून शिट्ट्या यायच्या. सगळाच चित्रपट रंगीत केला की तो क्षण उरत नाही. आज नव्या पिढीला वाहिनीवर रंगीत प्रतच भेटते आणि मूळ तसाच होता, असा समज होतो.

टीव्हीसाठी वेगळी प्रत लागते यामागे कायदेशीर कारणही असते, हे मला मान्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'अ' प्रमाणपत्राचे चित्रपट वाहिन्यांवर जसेच्या तसे दाखवता येत नाहीत. त्यांना कापून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरात लहान मुले असतात, माझ्याही घरी नातवंडे आहेत. कापू नका असे मी म्हणत नाही. कापलेय असे सांगा, म्हणतो. डीव्हीडी आणि व्हीसीडीची तीच कथा. कॉपीराइट कायद्याच्या ५२अ कलमाप्रमाणे त्यावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत आणि हक्क असणाऱ्याचे नाव छापावे लागते. प्रमाणपत्र छापलेले असते ते पूर्ण चित्रपटाचे आणि आत तीन डिस्कचा माल दोन डिस्कमध्ये कोंबलेला असतो. कॅसेटच्या काळात तीन तासांच्या टेपबाहेर गेलेले चित्रपट असेच गाण्यांवर सुरी चालवून आत बसवले जात. व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिलेल्यांना पडद्याच्या खालून सरकणारी जाहिरातीची पट्टीही आठवत असेल. तिच्याखाली काय झाकले गेले, ते कोण सांगणार?

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची जुन्या चित्रपटांशी ओळख तर अशा कॉप्यांवरूनच झाली आहे. माझ्या भाचीची मुले अमेरिकेत जुने मराठी चित्रपट मोबाइलवर पाहतात. त्यांना मिळते ती कॉपी बहुधा वाहिनीवरून उतरवलेली, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह, मध्येच जाहिरातीच्या जागी पडलेली तूट. त्यांनी विचारले, 'आजोबा, या गाण्याला एकच कडवे आहे का?' तीन आहेत. तबकडीवर मात्र दोनच बसली होती, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांपलीकडे मावत नसे. म्हणजे तबकडीचे गाणे वेगळे, टॉकीजचे वेगळे, वाहिनीचे वेगळे. मुलांना हे समजावून सांगितले तर त्यांना केवढा रस वाटला! नाही सांगितले तर ते एका कडव्यालाच गाणे म्हणतील, आणि त्यात त्यांचा काय दोष?

हे सगळे आता तातडीचे का झाले आहे, ते सांगतो. मूळ वस्तू असेपर्यंत चुकीच्या कॉपीने फार बिघडत नाही, कधी तरी खरी काढून दाखवता येते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने इतर प्रती सांभाळल्या होत्या म्हणून आज 'संत तुकाराम' आपण पाहू शकतो. ज्या चित्रपटांच्या दुसऱ्या प्रती कोणी सांभाळल्या नाहीत, त्यांचे पुढे वाहिनीच्या टेपवर जे आहे, तेच उरणार. कापलेले गाणे, चढलेला सूर, पायाविना लावणी, हेच मूळ म्हणून संग्रहात जाईल. म्हणून कोणत्या प्रतीत काय कमी आहे, याची नोंद आत्ता, माहीतगार माणसे जिवंत आहेत तोवर व्हायला हवी.

माझे मागणे फार मोठे नाही. वाहिन्यांनी आणि मोबाइलवर चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांनी सुरुवातीला एक पाटी दाखवावी. मूळ प्रमाणपत्रावरची लांबी किती, ही प्रत किती मिनिटांची, चौकट मूळची आहे की कापलेली, टीव्हीसाठी काही वगळले आहे का, आणि कृष्णधवल चित्रपट नंतर रंगवला असेल तर तसे स्पष्ट. पाच ओळी होतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात बदल केला तर बोर्डाला कळवावेच लागते, म्हणजे ही माहिती कागदावर असतेच. ती लोकांपुढे ठेवायची, एवढेच राहिले आहे. सेन्सॉर बोर्डाने जुन्या चित्रपटांच्या कापलेल्या भागांची यादी अभ्यासकांना सहज पाहता येईल अशी ठेवावी, हेही मला वाटते, पण ते मोठे काम आहे आणि वेळ लागेल.

आपल्या हातातले मात्र आजपासून होण्यासारखे आहे. आपल्या अंकात 'आज टीव्हीवर' या सदरात चित्रपटाचे नाव आणि वेळ छापता. त्यापुढे मूळ लांबी मिनिटांत छापावी. वाचक घड्याळ पाहील, जाहिरातींचा वेळ वजा करील, दूरदर्शनसारखा वेग चढवला असेल तर तासाला अडीच मिनिटे धरील, आणि बाकी काय गेले ते त्याला कळेल. मराठी चित्रपटांच्या लांबीची माहिती एकत्र मिळत नाही, अशी आपल्या उपसंपादकांची अडचण होईल. सर्टिफिकेटवरून उतरवून घेतलेल्या लांबीच्या माझ्या वह्या घरी नीट जपून ठेवलेल्या आहेत, रिळांच्या संख्येसह, आमच्या टॉकीजला लागलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाच्या. आपल्या कार्यालयातून कोणी आले तर त्यांच्यासमोर बसून हव्या तेवढ्या पानांची नक्कल करून देईन. शक्यतो दुपारी यावे, संध्याकाळी डोळ्यांना अक्षर दिसत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त टॉकीज ऑपरेटर
जि. सातारा